रेघ न मारलेलं पान

बाबा, तुमच्या लघुलेखनाच्या सातव्या वहीत मला तुम्ही बोलताना सापडलात. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, कारण तुम्ही असतात तर म्हणाला असतात, वहीत माणूस सापडत नसतो, मजकूर सापडतो. पण मला माणूसच सापडला. गेल्या शनिवारी सकाळी शारजातल्या अल नहदाच्या याच घरात, याच जेवणाच्या टेबलावर मी वही उघडून बसले होते. आई बाल्कनीत तुळशींना पाणी घालत होती. पानाच्या मध्यावर, तुम्हाला आपल्या आठवणी सांगणाऱ्या साहेबांचं बोलणं संपलं आणि त्याखाली तुमचं वाक्य आलं. लघुलिपीत, तुमच्याच हातचं, तुम्हीच उच्चारलेलं. मी ते वाचलं, मागे जाऊन पुन्हा वाचलं, मग एखादी जाड रेघ मी बारीक समजतेय का म्हणून भिंग आणून पाहिलं. तसं काही नव्हतं. तुमच्या रेघा कधी चुकत नसत. आज सहावा दिवस आहे, आणि अजून कोणी मागून हाक मारली तरी मी दचकते.

वह्या मी उगाच काढल्या नव्हत्या. महिन्यापूर्वी साहेबांच्या मुलीची ईमेल आली. साहेब गेले तेव्हा आईच्या सांगण्यावरून मी त्यांच्या घरी सांत्वनाचं पत्र धाडलं होतं, तुम्ही तेव्हा नव्हतात म्हणून, त्यावरून तिने मला शोधलं. साहेबांचे सगळे कागद आता ती एका ग्रंथालयाला देणार आहे आणि त्यांच्या आठवणींचं पुस्तक नव्याने, पूर्ण असं काढणार आहे. फार अदबीने तिने लिहिलं होतं. शेवटच्या आजारपणात साहेब सारखे एका बोटीबद्दल बोलायचे. पुस्तकात बोट कुठेच नाही. तिचं विचारणं एवढंच, तुमच्या वडिलांच्या वह्या अजून असतील तर त्यात काही आहे का, पाहाल का? मी लगेच उत्तर दिलं की पाहीन, पण काही असेल असं वाटत नाही, माझ्या वडिलांनी साहेबांचा एक शब्दही कधी गाळला नाही. ते उत्तर पाठवण्याआधी मी चार वेळा तपासलं होतं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, गॅस बंद केला का हे बघायला मी अजून लिफ्टमधून परत येते. पण त्या शेवटच्या वाक्याबद्दल मला एकदाही शंका आली नाही.

शंका येणार कशी? मी शिकले तीच तुमच्याकडे. दम्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत मला शाळेत घालता आलं नाही, तर सकाळी ऑफिसला निघायच्या आधी तासभर तुम्ही शिकवायचात आणि दुपारी क्लिनिकमधून आल्यावर आई. इतर मुलांना पाढे येत होते तेव्हा मला लघुलिपी येत होती. पेन्सिल हलकी धरली की बारीक रेघ, दाबली की जाड, ओळीच्या वर लिहिलं की एक स्वर, ओळीवर लिहिलं की दुसरा. आई चिडायची. ‘अहो, पोरीला धड मराठी लिहिता येईना आणि हे काय कोंबडीचे पाय शिकवताय?’ तुम्ही म्हणायचात, ‘मराठी तू शिकव. हे मी.’ मी इंग्रजीत काही उत्तर दिलं तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. आणि जेवताना आई काही सांगत असली की तुमचं बोट मांडीवर फिरत असायचं, तिचं बोलणं टिपत. ‘ऐकताय की लिहून घेताय?’ असं तिने विचारलं की तुम्ही हसून बोट थांबवायचात आणि दोन मिनिटांत ते पुन्हा सुरू व्हायचं. तुमचा हात तुमच्या ताब्यात नव्हता, बाबा. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची.

नियम मात्र गमतीचे नव्हते. सांगणारा बोलला तेवढंच टाइप करायचं. त्याची चूक असली तरी तीही त्याचीच, समासात खूण करून विचारायची, स्वतः दुरुस्त करायची नाही. आपण मध्ये काही बोललो असलो तर ते मजकुरात येत नाही, स्टेनो खोलीत नसतोच. आणि वहीतलं एक पान पूर्ण टाइप झालं की त्यावर वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ. रेघ म्हणजे काम संपलं. रेघ नाही म्हणजे काम बाकी. एकदा मी तुमच्या श्रुतलेखनातलं एक वाक्य कंटाळून गाळलं आणि पानावर ऐटीत रेघ मारली. तुम्ही मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. पूर्ण पान फाडलंत आणि म्हणालात, ‘गाळायचं तर गाळ. पण मग रेघ मारू नकोस. रेघ मारणं ही सही आहे.’ मी सात वर्षांची होते. आज मी एका कायदेशीर भाषांतराच्या ऑफिसात मूळ कागद आणि त्याची प्रत ताडून बघण्याचं काम करते, आणि ताडून झालेल्या प्रत्येक पानावर अजून तशीच रेघ मारते. माझ्या फिलिपिनो सुपरवायझरला वाटतं ही भारतातली पद्धत आहे.

माझी श्रुतलेखनंही साहेबांच्याच मजकुराची असायची, आदल्या आठवड्यात तुम्ही घेतलेली. त्यामुळे इतर मुलांना गोष्टी ऐकायला मिळतात तसं मला एका इंग्रज उमरावाचं आयुष्य ऐकायला मिळालं. घराभोवतीचं रान इतकं मोठं की पाच वर्षांचे असताना ते स्वतःच्याच कुंपणाच्या आत हरवले होते आणि त्यांना माळ्याने शोधलं. किताब थोरल्या भावाचा होता, तो घोड्यावरून पडून गेला आणि किताब यांच्याकडे आला. ते म्हणायचे, मी दुसऱ्याचा कोट घालून आयुष्यभर फिरलो. पंचविशी ओलांडता ओलांडता ते या किनाऱ्यावर अधिकारी म्हणून आले, तेव्हा इथे वाळू, बोटी आणि तंबू. मग तीन देशांत राजदूत, मग लंडनला वरिष्ठ सभागृहात, दोन वर्षं मंत्री. आणि मग तो प्रसंग, जो तुम्ही मला एकदा नाही, चार वेळा लिहायला घातलात. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर द्या असं त्यांना वरून सांगण्यात आलं, आणि त्यांनी उत्तर न देता राजीनामा दिला. ‘जे घडलं नाही ते घडलं असं मी म्हणालो नाही. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं एवढंच आहे.’ हे वाक्य मला अजून पाठ आहे. तुम्ही पेन्सिल खाली ठेवून म्हणाला होतात, ‘बघ. माणूस असा असावा.’

आईला ते कधी पटले नाहीत. तुमच्या बांधकाम कंपनीच्या मंडळावर सल्लागार म्हणून ते हिवाळ्यात इकडे यायचे, आणि कंपनीतल्या सगळ्या स्टेनोंमधून त्यांनी तुम्हाला निवडलं, म्हणून एकदा आपण त्यांना घरी जेवायला बोलावलं. ते आले ते कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर घालून. आई स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, ‘लॉर्ड म्हणे! याच्यापेक्षा आपला वॉचमन बरा राहतो.’ साहेबांनी वरणभात हाताने खाल्ला, सांडला, आणि आईला सलाम करून जुन्या कोळ्यांच्या अरबीत काहीतरी म्हणाले. खालच्या किराणावाल्याने ते ऐकलं असतं तर हसून लोळला असता, असं तुम्ही नंतर म्हणालात. ते गेल्यावर आई म्हणाली, ‘माणूस गोड आहे. पण डोळे बघितलेत? आपण बोलतो तेव्हा आपल्या मागे कोणीतरी उभं असल्यासारखं बघतो.’

आता त्या शुक्रवारचं. बाजार कोसळल्याच्या पहिल्याच हिवाळ्यातला तो शुक्रवार होता, मी अकरा वर्षांची. आईची क्लिनिकमध्ये ड्यूटी होती म्हणून तुम्ही मला उम्म अल कुवैनला साहेबांच्या घरी बरोबर नेलंत. रस्ता मोकळा, तुम्ही गप्प. त्या दिवसांत तुम्ही गप्पच असायचात. ऑफिसातले निम्मे लोक जाणार असं सगळे बोलत होते आणि यादी रविवारी लागणार होती. नोकरी गेली की महिन्याभरात व्हिसा जातो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं तरी माहीत होतं, आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलांना माहीत होतं. साहेबांचं घर खाडीच्या तोंडाशी. समोर उथळ पाणी, खारफुटी, भरती उतरली की चिखलात पाय रोवून उभे असलेले रोहित पक्षी. साहेब व्हरांड्यात मोजे आणि सँडल घालून बसले होते, एका हाताने संत्र्याची साल न तुटता सोलत. टेबलावर या किनाऱ्याचा एक जुना नकाशा पसरलेला, पाण्याची खोली बारीक आकड्यांत लिहिलेला. त्यात दुबई म्हणजे एक ठिपका होता. शारजा दुसरा ठिपका. मला वाकून पाहताना बघून ते खूश झाले आणि म्हणाले, आवडला? मग तुझा. मी नकाशा गुंडाळायला घेतला आणि मला उम्म अल कुवैनसमोर, वाळूच्या दांड्याच्या पलीकडे समुद्रात पेन्सिलने काढलेली एक लहान फुली दिसली. मी विचारलं, ‘सर, व्हॉट इज धिस क्रॉस?’

संत्र्याची साल तुटली. एवढंच मला आठवतं, बाकी चेहरा वगैरे नाही. ते म्हणाले, ‘तिथे मी एकदा थांबलो होतो.’ मग म्हणाले, आत जा, तुला केक मिळेल. मी आत गेले. त्यांचा स्वयंपाकी मलबारचा, वयस्क, मी त्याला बाकीच्यांसारखं इक्का, म्हणजे दादा, म्हणायचे. त्याने मला ओट्यावर बसवलं, नारळाचा केक दिला. मी खिडकीतून व्हरांड्याकडे बघत होते. ‘मोळे, उधर नहीं देखना. साहब लोग काम करता है,’ तो म्हणाला. मोळे म्हणजे मुली. पण काम चालू नव्हतं, बाबा. साहेबांचं तोंड पाण्याकडे होतं. तुम्ही वही मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होतात आणि तुमचा हात खाली आपोआप चालला होता. मी इक्काला म्हटलं, ‘देखो, बाबा बिना देखे लिख रहा है.’ तो म्हणाला, ‘तेरा बाबा मशीन है.’ मला अभिमान वाटला होता.

परत येताना नकाशा माझ्या मांडीवर होता. अजमानच्या सिग्नलला गाडी थांबेपर्यंत तुम्ही बोलला नाहीत. मग समोर बघत म्हणालात, ‘जे आपल्याला सांगितलेलं नाही ते विचारायचं नाही. कळलं?’ मी म्हटलं, ‘बट आय ओन्ली...’ ‘मराठीत!’ तुम्ही इतक्या मोठ्याने माझ्यावर कधी ओरडला नव्हतात. मराठीत मला काही सुचेना. मी म्हटलं, ‘चुकलं.’ मला वाटलं, माझ्या प्रश्नाने साहेब दुखावले आणि आता रविवारच्या यादीत तुमचं नाव येणार. शनिवारभर मला जेवण गेलं नाही. रविवारी यादी लागली आणि तुमच्या विभागातून तुम्ही एकटे राहिलात. मी देवापुढे जाऊन पुन्हा ‘चुकलं’ म्हणाले. तेव्हापासून मी काही विचारायच्या आधी दहा वेळा विचार करते. कॉलेजमध्ये, ऑफिसात, डॉक्टरकडेसुद्धा. लोकांना वाटतं हा माझा स्वभाव आहे. तो अजमानच्या त्या सिग्नलपासूनचा आहे.

त्या वर्षी आपल्या मजल्यावरची घरं एकेक करून रिकामी झाली. जाताना लोक सोफे कॉरिडॉरमध्ये सोडून गेले, पण तुळस कोणी सोडेना. प्रत्येक बाई कुंडी घेऊन आईच्या दारात यायची. ‘वहिनी, तुमच्याकडे राहू दे, आम्ही परत आलो की नेऊ.’ कोणी परत आलं नाही. आईच्या बाल्कनीत आठ तुळशी झाल्या. तुम्ही संध्याकाळी त्या रांगेसमोर खुर्ची टाकून बसायचात आणि तुमचं बोट मांडीवर फिरायचं नाही. आई म्हणायची, ‘आपली नोकरी राहिली, देवाची कृपा.’ तुम्ही मान हलवायचात. पुढच्या वर्षी साहेबांचं पुस्तक पूर्ण टाइप करून तुम्ही पाठवलंत, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी ऑफिसच्या लिफ्टसमोर छातीला हात लावून खाली बसलात ते उठला नाहीत. छापलेलं पुस्तक तुम्ही पाहिलं नाहीत. त्यात प्रस्तावनेच्या शेवटी ‘माझ्या विश्वासू लघुलेखकाचे आभार’ असं आहे, नाव नाही. मी ते पान कितीदा वाचलंय. विश्वासू या शब्दावर माझं बालपण उभं होतं.

आता पान. मूळ इंग्रजीत आहे, तुमच्याशी मराठीतच बोलायचं हा नियम, म्हणून इथे मराठीत सांगते. पहिलीच ओळ आहे, ‘हे लिहून घेऊ नका.’ तेही तुम्ही लिहून घेतलंय. मग साहेब सांगतात, ते इथे तरुण अधिकारी होते तेव्हाच्या एका हिवाळ्यात एक लाँच आली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून आणि मकरानच्या बलुची किनाऱ्यावरून कामाला येणारी माणसं, कागदपत्रं नसलेली. इंजिन धुमसत होतं, उत्तरेचा वारा सुटत होता. नाखवा हात जोडून म्हणत होता की एक रात्र खाडीच्या आत घ्या, सकाळी जातो. साहेब गस्तीच्या बोटीवर होते, हुकूम त्यांचा होता. त्यांनी लाँच दांड्याबाहेर ओढून नेऊन सोडून द्यायला लावली. तिथे फुली. सकाळी वारा पडला तेव्हा पाण्यावर काही नव्हतं. अहवालात त्यांनी लिहिलं, ‘लाँच आमच्या हद्दीतून बाहेर गेली.’ साहेब म्हणतात, ‘यातला एक शब्दही खोटा नाही. मला मंत्रिपदापेक्षा या वाक्याचा अभ्यास जास्त झालाय.’ मग म्हणतात, एकतीस माणसं होती, मी मोजली, मोजणं माझं काम होतं. पांढऱ्या शर्टातला एक जण डोक्यावर एक कागद धरून मला दाखवत होता. इतक्या लांबून वाचता येईना.

इथे तुम्ही येता. स्टेनो खोलीत नसतो म्हणणारे तुम्ही. ‘सर्टिफिकेट असेल, सर. आम्ही सगळे एक घेऊनच येतो.’

हे वाचून मी रडले, तोपर्यंत ठीक होतं. तुम्ही त्याला ओळखलंत म्हणून रडले. टायपिंगचं सर्टिफिकेट घडी पडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत बांधून तुम्ही विमानात मांडीवर घेऊन आला होतात, ते मला माहीत होतं. पण खाली अजून ओळी होत्या. साहेब विचारतात, ‘मी हे पुस्तकात घालावं का? तुम्ही सांगाल ते करीन.’ बाबा, एवढा मोठा माणूस, सात वह्यांनंतर, तुम्हाला विचारतो. आणि तुमचं उत्तर त्याच स्वच्छ रेघांत आहे. ‘नको, सर. गाळा. तुम्हाला त्रास होईल आणि त्यांना आता काही उपयोग नाही.’ साहेब विचारतात, नक्की? तुम्ही म्हणता, नक्की. मग एक मोकळी ओळ. मग साहेब, ‘कंपनीत तुमचं कसं आहे?’ तुम्ही, ‘यादी रविवारी आहे, सर.’ साहेब, ‘मी बोलतो.’ पान संपलं.

आई आत आली आणि म्हणाली, ‘चहावर साय धरली, काय झालं?’ मी तिला वाचून दाखवलं. तिने ओले हात पदराला पुसले. मला वाटलं तीही माझ्यासारखीच हादरेल. ती म्हणाली, ‘साहेबांनी शब्द टाकला हे मला ठाऊक होतं. कशावरून टाकला ते मी विचारलं नाही. त्या वर्षी कोणी कोणाला काही विचारत नव्हतं गं.’

‘आई, एकतीस माणसं.’

‘हो. आणि ह्या घरात तीन.’ चहावरची साय काढत ती म्हणाली, ‘तू शाळेत होतीस. कुठल्या शाळेत गेली असतीस तू, दम्याची पोर, वर्षाच्या मध्यात?’

‘म्हणजे बाबांनी बरोबर केलं?’

‘मी तसं म्हटलं का? मी म्हटलं, तू होतीस.’ ती पुन्हा बाल्कनीत गेली आणि तिथून म्हणाली, ‘त्या बाईला कळव, वह्यांना वाळवी लागली म्हणून. खलास. गेलेल्या दोघांना कशाला उठवतेस?’

मी रविवारी खरोखर तसं लिहायला बसले. वह्या वाचण्याच्या स्थितीत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी एक धडधडीत खोटं वाक्य लिहिलं आणि ते इतकं सहज आलं की मीच घाबरले. नकाशा समोर भिंतीवर होता. चौदा-पंधरा वर्षं मी त्या फुलीखाली झोपले, बाबा. परीक्षेच्या वेळी तिच्याकडे बघत पाठांतर केलं. मैत्रिणींनी विचारलं तर सांगायचे, तिथे आमचे साहेब मासे धरायचे. हे मी कुठून काढलं? मला कोणी सांगितलं नव्हतं. मी उठून नकाशा उतरवला. भिंतीवर त्याचा चौकोन पांढरा राहिला.

आणि मी वही पुन्हा घेतली, ती बंद करून कपाटात टाकायला. पानं उलटत होते तेव्हा लक्षात आलं. सातव्या वहीच्या प्रत्येक पानावर तिरकी रेघ आहे. त्या पानाच्या आधीच्या पानावर आहे, नंतरच्या पानावर आहे. ह्या एका पानावर नाही. मग मी सगळ्या नऊ वह्या उघडल्या, खाली फरशीवर बसून, पान न पान. रेघ नसलेलं दुसरं पान नाही. ज्याला मजकूर लपवायचा असतो तो पान फाडतो, तुमच्यासारखं पान फाडणं कोणाला जमत होतं? किंवा रेघ मारतो आणि विसरतो. तुम्ही दोन्ही केलं नाहीत. तुम्ही ते काम बाकी म्हणून ठेवलंत. आणि घरात ती लिपी वाचणारं दुसरं कोण होतं? कदाचित मी स्वतःची समजूत घालतेय. कदाचित त्या दिवशी तुमचा हात फक्त थकला असेल. हे विचारायला आता तुम्ही नाहीत, आणि विचारायचं नाही हे तर तुम्हीच सांगितलेलं. तरी विचारते. तुम्ही आधी ‘गाळा’ म्हणालात, यादीची गोष्ट नंतर निघाली. ओळींचा क्रम मी शंभरदा तपासलाय. पण ‘गाळा’ म्हणताना रविवार तुमच्या डोक्यात नव्हता का? तुम्ही मला नियम शिकवलेत ते त्याच्या आधीचे, पण तो शुक्रवार झाल्यावर तुम्ही ते जास्त घट्ट केलेत का? मला आठवत नाही. हेच मला सहन होत नाही, की मला आठवत नाही.

काल मी ते पान टाइप केलं. दुपारच्या सुट्टीत, ऑफिसात, दार लावून. लाँच, वारा, नाखवा, एकतीस, पांढरा शर्ट, कागद. ‘सर्टिफिकेट असेल’ हे तुमचं वाक्यही ठेवलं, नियम मोडून, कारण त्या माणसासाठी पानभर मजकुरात तेवढंच कोणीतरी बोललंय. साहेबांचा प्रश्न ठेवला, पुस्तकात घालावं का. ते साहेबांच्या मुलीला ईमेलने पाठवलं आणि नकाशा लांब नळीत घालून तिच्या पत्त्यावर कुरियरला दिला. कुरियरवाला म्हणाला, ‘मॅडम, कुछ टूटनेवाला है?’ मी म्हटलं, नाही.

तुम्ही इथवर वाचत असतात तर आता पुढची ओळ शोधत असतात, म्हणून सांगून टाकते. साहेबांच्या प्रश्नानंतर मी थांबले. तुमचं उत्तर टाइप केलं नाही. स्वतःला म्हटलं, स्टेनो खोलीत नसतो, नियमच आहे. पण एक वाक्य ठेवून दुसरं गाळायला कोणताही नियम नाही, हे तुम्हाला कळतं आणि मलाही. त्या बाईच्या दृष्टीने तिच्या वडिलांनी एका कारकुनाला प्रश्न विचारला आणि कारकून गप्प राहिला. यादीचं, ‘मी बोलतो’चंही तसंच. तिने आभाराची ईमेल आजच पाठवलीय, तुमच्या वडिलांसारख्याच तुम्ही विश्वासू आहात असं तिने लिहिलंय. ती वाचून मी वही उघडली, पेन्सिल घेतली, वरच्या कोपऱ्यावर टेकवली. ते पान अजून तसंच आहे, बाबा. रेघ मला मारता आली नाही.